दहावा पक्षी

देवाजीभाऊ कावळा मोजत नाहीत. “तो आपल्याले पाहायले येते,” असं त्यांचं म्हणणं. “आपन त्याले पाहायले गेलो नाई.”

आलापल्लीच्या अलीकडे जंगलात एक घळ आहे. दोन्ही बाजूंना उभा खडक, मधून नाला. तिथे उद्यान झालं तेव्हापासून रोज सकाळी पायी फेरी निघते. गाईडबरोबर दोन तास चालायचं, पक्षी बघायचे, परत यायचं. मी गेटवर तिकिटं फाडते. देवाजीभाऊ तिथले सगळ्यात जुने गाईड. त्याआधी सारी उमर सागवानाच्या जंगलात वनमजुरी केलेली.

पहिल्याच वर्षी एक पाहुणे कुरकुरले, की काही दिसलं नाही तर तिकीट फुकट गेलं म्हणायचं. देवाजीभाऊंना ते लागलं. त्यांनी गेटवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “धा पक्षी नाई दिसले त जेवन माह्या घरी.” घर गेटच्या मागेच, चालत पाच मिनिटं. सुमनबाई, म्हणजे त्यांची बायको, हे ऐकून भडकल्या होत्या. पण त्यांना कधी जास्तीचा भात टाकावा लागला नाही. घळीत दहा पक्षी नाल्यापर्यंत जाईतोच होत.

मागच्या दिवाळीआधी सुमनबाई तापाने गेल्या. पंधरा दिवसांनी देवाजीभाऊ कामावर आले, आणि त्यांचे मोजण्याचे नियम वाढू लागले.

नुसता आवाज आला तर तो पक्षी धरायचा नाही. उडत गेला, बसला नाही, तर धरायचा नाही. पाठमोरा दिसला तर अर्धा. घरट्यात बसलेलाही नाही, कारण “तो कामावर हाय.” सातभाई सात असले तरी एक. पार्किंगमधली साळुंकी बाद, कारण तिने तिकीट काढलेलं नाही. पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं म्हातारा गमती करतो.

फेरी संपली की गाईडने रजिस्टरमध्ये पक्ष्यांचा आकडा लिहायचा असतो. बाकीचे गाईड अठरा लिहीत, बावीस लिहीत. देवाजीभाऊंच्या नावापुढे नऊ. परत नऊ. आठवडाभर नऊ.

नवीन साहेबांनी ते पान बघितलं. म्हाताऱ्याची नजर गेली असेल, त्यांना पार्किंगला बसवू, असं ते म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता. मला म्हणाले, एकदा त्यांच्याबरोबर फिरून या आणि काय ते लिहून द्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले. भंडाऱ्याच्या दोन बहिणी होत्या, थोरली रिटायर मुख्याध्यापिका. देवाजीभाऊंनी मला बघितलं, पण काऊन आल्या म्हणून विचारलं नाही.

नजर गेली म्हणे! पन्नास पावलांवरून त्यांनी सागाच्या ढोलीतला पिंगळा दाखवला. मला तो बोट दाखवल्यावरही दिसेना. मग हळद्या, तांबट, सुतार, कोतवाल. साडेसातला नऊ पक्षी झाले. नाल्याच्या वळणावर वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. निळाशार, समोरून, एकदम स्थिर. कोणत्याही नियमाने बाद होईना. देवाजीभाऊंनी त्याच्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. ते वळले आणि दुसऱ्या बाजूचं वारूळ दाखवून वाळवीबद्दल बोलू लागले. बराच वेळ बोलले.

थोरल्या बाईंना खंड्या दिसला होता. तोंड उघडून त्या बोलणार, इतक्यात त्यांनीही देवाजीभाऊंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग बहिणीला म्हणाल्या, किती मोठं वारूळ आहे गं.

नवावर फेरी संपली आणि आम्ही जेवायला गेलो. भात तयार होता. लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी, तव्यावरची मिरची. ताटं धुऊन भिंतीला टेकवलेली. म्हणजे हा स्वयंपाक फेरीच्या आधी, पहाटेच उठून केलेला. बहिणी पोटभर जेवल्या. मुख्याध्यापिका बाईंनी देवाजीभाऊंना चार धडे होतील एवढं बोलू दिलं. पिंगळ्यापासून सुमनबाईंच्या माहेरापर्यंत ते सांगत राहिले.

त्या गेल्यावर मी भांडी उचलू लागले.

“भाऊ, खंड्या दिसला होता,” मी म्हणाले.

“हो.”

“मग?”

त्यांनी भाताचं पातेलं पुसायला घेतलं. “हात दोघांचेच तांदूळ घेते, बाई. कितीबी कमी घेतो म्हनलं तरी. मंग तो भात रातच्याले, सकारी, एकट्यानं खात बसा लागते.”

मी म्हटलं, मग लोकांना सरळ जेवायला बोलवा. त्यासाठी पक्षी कशाला लपवायचे?

“सरळ बोलावून पाह्यलं ना. म्हंतेत, बस पकडाची हाय, डबा हाय संग. हक्काचं असलं त बसतेत.”

मी गेटवर आले आणि साहेबांना लिहून दिलं, की देवाजीभाऊंची नजर आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे, मोजण्यात थोडी चूक होते, ती मी सुधारून घेईन. पार्किंगचा विषय तिथेच संपला.

पण सुधारून घ्यायचं तर काहीतरी करायला हवं होतं. संध्याकाळी ते रजिस्टर ठेवायला आले तेव्हा मी म्हटलं, “भाऊ, खरा आकडा लिहा. आणि रविवारी मी जेवायला येते तुमच्याकडे. पक्षी किती का दिसेनात.”

त्यांनी वाकून चपलेचा पट्टा नीट केला. मग म्हणाले, “वांगं चालते ना तुमाले?”

चालतं, मी म्हणाले.

खरं तर वांगं खाल्लं की माझ्या अंगाला खाज सुटते. गेले चार महिने मी दर रविवारी वांगं खाते आहे.