रेसचं डिफरन्शियल आणि कोबी

शाळा मी लवकर सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. अवघड शब्द मला एकच येतो, 'डिफरन्शियल', आणि त्यानेच माझा घात केला.

माझ्याकडे जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी आहे. ती जाते बाजारात, कोबी आणायला. ओल्या चढावर तिचं मागचं एक चाक नुसतंच गरगरायचं आणि दुसरं पाहुण्यासारखं बसून राहायचं. दोघांना कामाला लावायचं तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल हवं, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटून देणारा डबा. त्यात दोन प्रकार. गियरचं असतं ते मुकाट काम करतं. क्लचच्या चकत्यांचं रेसवाल्यांसाठी. हळू वळलं की ते खडखडतं.

"अहो, मुकाट्याचंच घ्या," बायको म्हणाली. "रविवारी माझे बाबा गाडीत बसून बघणार आहेत. त्यांना पटली तर गाडी ठेवू, नाहीतर विकू."

इतकं सोपं होतं! पण गॅरेजमध्ये चार-पाच गाडीवाले चहा पीत बसलेले. मिस्त्रीने सगळ्यांसमोर विचारलं, "ट्रॅकवर पळवता ना?"

"म्हणजे... तसं..." (मनात कोबी होता.)

"लाजताय काय! चकत्यांचंच टाका," एक दाढीवाला म्हणाला. "गियरचं भाजी आणणाऱ्यांसाठी!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मान डोलावली.

सासरे दातांचे डॉक्टर. रविवारी पट्टा आवळून, डोळे मिटून शेजारी बसले. सरळ रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. फाटकातून आत वळवली मात्र, मागून कडकड, खडखड सुरू झालं आणि बेडकासारख्या उड्या मारत आम्ही पार्किंगमध्ये शिरलो. वरून कोणीतरी ओरडलं, "कपाट सरकवताय का हो?"

सासऱ्यांनी डोळे उघडले. "जावईबापू, अक्कलदाढ हलतेय."

"तुमची?"

"गाडीची. तुम्हाला अजून आलेली दिसत नाही. या आठवड्यात ती उपटा, नाहीतर गाडी विका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वतः गॅरेजवर आली. मी तिच्या मागे. तीच मंडळी, तोच चहा.

"ह्यांना गियरचं द्या," ती खणखणीत म्हणाली. "हे रेसबिस काही लावत नाहीत. कोबी आणतात."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. तेवढ्यात दाढीवाल्याने कप खाली ठेवला.

"मीपण... ह्याच चकत्यांवर मुलीला क्लासला सोडतो. शेजारी खिडक्या लावून घेतात."

"माझ्या आईने तर बसायचंच सोडलंय," दुसरा पुटपुटला.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "गियरचं एकच शिल्लक आहे. पुढचं कधी येईल, देव जाणे."

दाढीवाला माझ्याकडे वळला. "तुमचा नंबर पहिला. पण मी घेतलं तर चालेल ना?"

बायकोने कोपराने ढोसलं. मी तोंड उघडलं. सगळे बघत होते. मी तोंड मिटलं, आणि मान डोलावली.

घरी आल्यावर कोबी चालत जाऊन आणला. मग गाडीच्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावली. लिहिली मात्र बायकोने. माझ्या शुद्धलेखनाचं तुम्हाला सांगितलंच आहे.