रिकामा डबा

देऊळघाटच्या कौशल्याबाईंनी वंदना मॅडमना गोधड्या द्यायला साफ नकार दिला. रविवारी उद्घाटन, आणि भिंती मोकळ्या!

वंदना मॅडम विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाच्या प्रमुख. हाताखाली एकटा देवानंद, तोच शिपाई आणि तोच पहारेकरी. यंदाच्या हंगामात तीन प्रदर्शनं ठरली होती. पहिलं अमूर्त चित्रांचं. ते बघायला एक प्राध्यापक आले, तेही मोबाइल चार्ज करायला. दुसरं देऊळघाटच्या जुन्या पितळी भांड्यांचं, तेही जेमतेमच चाललं. आता तिसरं गोधड्यांचं. कुलगुरूंनी बजावलं होतं, "यालाही माणसं आली नाहीत, तर दालनाची चावी परीक्षा विभागाला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला त्यांना जागा नाही."

मॅडम देऊळघाटला धावल्या.

"काऊन वो मॅडम," कौशल्याबाई ओट्यावरूनच कडाडल्या, "आमची भांडी रिकामी पाठोली तुमी? भरल्या घरात कोनी रिकामं भांडं धाडते काय?"

"अहो, घासून लख्ख करून पाठवली. सोबत आभारपत्रही होतं."

"त्या कागदाले फोडनी देऊ का मंग?"

मॅडम स्वतः वडनेर भोलजीच्या. शेजारणीची वाटी परत करताना त्यांच्या आईनं चिमूटभर साखर तरी घातलीच असती. पण संग्रहालयाचा नियम असा, की वस्तू जशी आली तशीच परत द्यायची. नियम पाळता पाळता आपण माहेर विसरलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी तिळाचे लाडू केले, स्टीलचे डबे भरले आणि भांडी दिलेल्या घरोघरी देवानंदच्या हाती पाठवले. राग पळाला, गोधड्या आल्या. खरं तर इथं सगळं आटोपायला हवं होतं. पण डबे देऊळघाटलाच राहिले होते, आणि ते काही रिकामे परत येणार नव्हते.

रविवारी सकाळी देवानंद धापा टाकत आला. "मॅडम, देऊळघाट आलं!"

"देऊळघाटचं कोण?"

"कोन नाई, गावच आलं! ट्रॅक्टर भरभरून. एकेकीच्या हातात डबा हाय. आत खायाचं नेता येत नाई म्हनलं, त मलेच म्हनते, सर बाजूले!"

शेवटी तडजोड झाली. डबे दारातल्या रिकाम्या चौथऱ्यांवर मांडले. तेवढ्यात कुलगुरू आले. हात मागे बांधून ते डब्यांपुढे थबकले, मान तिरकी करून बघत राहिले.

"मांडणी अर्थपूर्ण आहे. वस्तू आणि अवकाश यांचा संवाद..."

"संवाद मंग करा सायेब," कौशल्याबाईंनी झाकण उघडून करंजी पुढं केली. "आंधी खा."

कुलगुरूंनी खाल्ली. मग आणखी दोन खाल्ल्या. आत दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. "हे त माह्या मायचं लुगडं!" अशा आरोळ्या गोधडीगणिक उठत होत्या, आणि मॅडम आनंदानं नुसत्या इकडून तिकडे पळत होत्या.

पण निघताना कुलगुरू म्हणाले, "एका दिवसाच्या गर्दीवर काही ठरत नाही. चावी द्या, उद्या बघू." मॅडमनी जड हातानं चावी दिली. कौशल्याबाईंनी कुलगुरूंच्या हातात डबा कोंबला. "घरी बाईसायबाईले द्या."

सोमवारी कुलगुरूंचे ड्रायव्हर तुळशीराम तोच डबा घेऊन हजर झाले. मॅडमनी हलवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळलं.

"चिवडा का हो?"

"मले का मालूम? सायेब डबा धुऊन तसाच देऊन राह्यले होते. पन बाईसायेब माहेरच्या पिंपळगाव राजाच्या! म्हने, रिकामा कसा धाडता, काईतरी टाका त्याच्यात. मंग सायबानं खिसे चाचपले."

मॅडमनी झाकण उघडलं. आत दालनाची चावी होती.