न झालेलं चीज

ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरात वेतुरियाबाई एकवीस वर्षं मेंढीच्या दुधाचं चीज करत होत्या. त्या गुरुवारी त्यांनी साठ लिटर कोमट दुधात कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एंझाइम, घातलं, आणि तेवढ्यात अन्ननिरीक्षक पोम्पिलिऊ नवा नमुना अर्ज घेऊन दारात उभे राहिले. 'एंझाइमच्या संयोगाची पूर्वसूचना.'

"तुमचं हे एंझाइम कुणाला धरतं?"

"दुधातल्या एका प्रथिनाला. एंझाइमच्या अंगात एक खाच असते. तिथं तेच बसतं, दुसरं कुणी नाही."

"म्हणजे जागा राखीव. किती मुदतीसाठी?"

"मुदत कसली साहेब! धरलं, कापलं, सोडलं, की पुढचं."

साहेबांचं पेन थांबलं. "सोडलं? मग संबंध तात्पुरता. तात्पुरत्या संबंधाला दर वेळी वेगळा अर्ज."

"अहो, या एका पिंपात असे अब्जावधी संबंध होतात!"

"मग बसा लिहायला."

बाई बसल्या. एकशे चौदा अर्ज झाले. बोटं आखडली, इकडे दूध साकळत चाललं. वेळेवर कापलं नाही तर आठवड्याची मेहनत वाया. शेवटी त्यांनी चिडून 'कायमस्वरूपी' या चौकटीत खूण केली.

"आता कसं बोललात!" साहेबांनी शिक्का मारला. मग नियमावली चाळून गंभीर झाले. "पण एंझाइम एकालाच कायमचं धरून बसलं, तर बाकीचं काम करणार कोण? काम नाही, म्हणजे चीज नाही. तुम्हीच लिहून दिलंय."

बाईंनी सुरी घातली. पांढरेशुभ्र चौकोनी तुकडे पडले. "मग हे काय आहे?"

"मला दिसतंय हो. कागदाला दिसत नाही."

साहेब लेबल ठरवून गेले: 'एंझाइमचं कार्य न झालेलं दूध, घनरूप.'

रविवारी बाजारात बाईंच्या टेबलापुढे रांग लागली. लोक लेबल वाचत, 'एंझाइम नाही, म्हणजे शुद्ध' म्हणत आणि दोन-दोन तुकडे घेत. दुपारी बाईंना राहवलं नाही.

"अहो ताई, यात एंझाइम आहे. त्याच्याशिवाय चीज होतच नाही. तुमच्या पोटातसुद्धा आहेत ती!"

"माझ्या पोटात?" चष्मेवाल्या ताई दोन पावलं मागे सरल्या. "मी फार जपून खाते."

"हे लेबल खोटं आहे. काढून टाकते. तुम्ही नुसती चव घ्या."

"काढू नका!" ताईंनी पुडा छातीशी धरला. "आम्ही शिकलेली माणसं. वाचल्याशिवाय आत काय आहे ते आम्हाला कळणार कसं?"