पहिलं पान सोडून

आमच्या शेजारचे नाना डबीर झाडाचं पान तोडण्याआधी झाडाची परवानगी मागत, आणि आमचं वर्तमानपत्र मात्र खुशाल उचलून नेत.

बाळांनो, तुमच्या आईबाबांना नाना आठवत असतील. ते मारेगावला आमच्या कुंपणापलीकडे एकटेच राहत. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. तालुक्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली, आणि पुढे बरीचशी शेतातच परतली. निवृत्तीनंतर नानांना रानाचं वेड लागलं. आणलेली रोपं दोन लाकडी जाळ्यांमध्ये कागदात दाबून वाळवायची. कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. म्हणून रोज सकाळी फाटकाशी हाक यायची, "वहिनी, कालचं जग वाचून झालं का?"

तुमच्या आजोबांचं कधीच झालेलं नसायचं. नाना त्यांच्या हातातून अंक अलगद ओढून घेत. "अहो, जग शिळं झालं. आता ते झाडांच्या उपयोगी पडू द्या!"

चहा घ्या म्हटलं की एकच उत्तर ठरलेलं. "नको, पोरी ओल्यात पडल्यात." पोरी म्हणजे रोपं. नानांच्या लेखी झाड ही कायम 'ती' असे, मग तो वड का असेना. देवपूजेलाही गळालेलीच फुलं. पहाटे आमची जास्वंद खुडायला येणाऱ्या भाविक बायकांना ते कुंपणाआडून खोकून पळवून लावत.

माझी तक्रार वेगळीच होती. मी रद्दी तारीखवार लावून ठेवते. नाना फाटकाशीच उभे राहून पहिलं पान वरपासून खालपर्यंत वाचत, ओठ किंचित हलत, मग ते पान काढून मला परत देत आणि उरलेला अंक घेऊन जात. माझ्या गठ्ठ्यात नुसती पहिली पानं! रद्दीवालाही विचारायचा, "बाई, बाकीचा पेपर कोठी गेला?" मला वाटे, नाना कापसाचे भाव पाहत असतील. त्या वर्षांत सगळा जिल्हा दुसरं काय पाहत होता?

एका पावसाळ्यात नाना धावत आले. पायात चप्पल नाही. वणीच्या बाजूला सागाचं रान विरळ होतं आणि पांढरी चुनखडी वर येते, तिथे खडकाच्या फटीत त्यांना वीतभर उंचीची, निळ्या घंटेसारख्या फुलांची एक 'ती' भेटली होती. "वहिनी, हिला नावच नाही! सगळी पुस्तकं पालथी घातली. ही नवीन आहे!"

पण शास्त्राची अट अशी, की नव्या जातीचं वर्णन छापायचं तर मुळासकट, फुलाफळासकट एक रोप उपटून, वाळवून मोठ्या संग्रहात ठेवावं लागतं. आणि टेकडीवर तिची रोपं होती मूठभर. नाना जीप करून गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. "आज ती नको म्हणाली." पुन्हा गेले, पुन्हा तेच. जीपवाला गणपत कंटाळून म्हणाला, "सर, झाड उपटायले येता का पोरगी पाहायले? तिले कांदेपोहे तरी करायले सांगा."

पाऊस ओसरू लागला. आठवडाभरात ती वाळून जाणार, मग थेट पुढचं वर्ष. आणि चुनखडीच्या टेकड्यांचं पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं? शेजारची टेकडी चुन्यासाठी आधीच अर्धी खोदली होती. शेवटी मीच म्हटलं, "नाना, मी येते. कागदही मीच आणते."

वाटेत दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी रोगाने लाल पडलेली. नाना बाहेर न बघता खुरपं पुसत बसले होते. टेकडीवर पोचलो, तर हे गृहस्थ रोपासमोर मांडी घालून गप्प.

"काहून थांबले, सर?" गणपत म्हणाला. "मी उपटू का?"

"हात लावू नकोस!"

मी बाजूच्या दगडावर बसले. म्हटलं, "नाना, जिला नावच नाही, ती उद्या संपली तर कोणाला कळणार? निदान ही होती एवढं तरी लिहून ठेवा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून रोपाशी काहीतरी पुटपुटले आणि डोळे मिटून खुरपं घातलं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर रोखतात तसा गणपतने आणि मी श्वास रोखला होता. रोप मुळासकट आलं.

मी ऐटीत अंक पुढे केला. पहिलं पान अगदी मापाचं होतं. नानांनी ते बाजूला सारलं. आतलं पान पाहिलं, तेही सारलं. त्या दिवशी कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या आतही होत्या.

"अहो नाना, फूल कोमेजतंय! कागद तो कागद."

"नाही वहिनी." त्यांनी पानावरच्या एका नावावर बोट ठेवलं. "हा मागच्या बाकावर बसायचा. जर्नलमधली चित्रं फार सुंदर काढायचा. यांची हजेरी घेतलीय मी. यांच्या नावांवर झाडं नाही निजवता येत मला."

मी पर्स उघडली. तुम्हाला पोस्टाने पाठवायची रविवारची बालपुरवणी आत होती, कोडी आणि ससा-कासव असलेली. नानांनी ती हळूच उलगडली आणि रोप सशाशेजारी ठेवलं. त्या आठवड्यात तुम्हाला पुरवणी का मिळाली नाही, ते आता कळलं ना?

पुढे तज्ज्ञांनी शिक्का मारला. रोप खरंच नवीन निघालं. गल्लीतल्या प्रत्येकाला त्याला आपलं नाव हवं होतं. गणपतचं म्हणणं, निदान जीपचं तरी द्या. नानांनी लॅटिनमध्ये 'चुनखडीत राहणारी' असं नाव दिलं. "तिचा पत्ता आहे तो," म्हणाले. "कोणी शोधत आलं तर सापडायला हवी."

टेकडीवरून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पहिलं पान आधीच काढून, अंकाची घडी घालून फाटकाशी उभी राहिले. नानांनी घडी उलगडली, चाळली आणि तशीच काखेत धरली. ओठ हलले नाहीत.

"चहा?" मी सवयीने विचारलं.

नाना फाटक ढकलून आत आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "साखर जरा जास्त घाला, वहिनी. पोरी थांबतील थोडा वेळ."