बजीसाठी बडबड

मादी काही केल्या पेटीत जायला तयार नव्हती.

दोन महिने झाले होते. पिंजऱ्याला लाकडी पेटी टांगून झाली, पेटीत भुसा घालून झाला, भोकासमोर बसायला काडी ठोकून झाली. राळे, बाजरीची कणसं, समुद्रफेस, उकडलेलं अंडं, पुस्तकात जे जे लिहिलं होतं ते ते काकांनी पक्ष्यांपुढे ठेवलं. बजी, म्हणजे छोटे रंगीत पोपट, पाळण्यावरची पाच पुस्तकं त्यांनी वाचली होती आणि पाचही मुदतीत परत केली होती. तरी निळा नर दांडीच्या या टोकाला आणि हिरवी मादी त्या टोकाला. भाड्याची खोली बघायला आलेल्या आणि पसंत न पडलेल्या जोडप्यासारखे दोघं पेटीकडे बघायचे आणि पुन्हा पिसं साफ करायला लागायचे.

काका एकतीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होते. तिथली पोरं त्यांना मागून 'शूकाका' म्हणत. कारण एकतीस वर्षांत काकांच्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा कुठला शब्द निघाला असेल तर तो 'शू' हाच. हा शब्द ते संध्याकाळी घरीही घेऊन यायचे. भांडं पडलं, शू. फोनवर हसणं जरा लांबलं, शू. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा चांगल्या बोलक्या होत्या. पुढे त्यांनी पातेलीसुद्धा फडक्यावर ठेवायची सवय लावून घेतली.

निवृत्त झाल्यावर काका दिवसभर घरात. करमेना. तेव्हा मेहुण्याने ही जोडी आणून दिली. मेहुण्याच्या गच्चीवर चाळीस बजी. त्याचं बोलणं त्या चाळिसांच्या वर.

"भावोजी, जोडी देतो, पण फुकट नाही. तीन महिन्यांत पिल्लू दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर परत नेणार. पिल्लं घालणारी जोडी आहे माझी, शोकेसमध्ये ठेवायला नाही दिली."

"दिसेल की," काका म्हणाले होते.

तेव्हा त्यांना वाटलं होतं, परत नेली तर नेली. पण पुढे भलतंच झालं. काका सकाळी हॉलमध्ये आले की हिरवी मादी तुरुतुरु दांडीवरून त्यांच्या बाजूला यायची आणि मान वाकडी करून बघायची. रोज. एकतीस वर्षं काका दारातून आत आले की लोकांनी माना खाली घातल्या होत्या. आपण आल्यावर कुणी मान वर करतं, हे त्यांना नवीन होतं. आता ती मादी जाणार या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

शेवटी ते पक्ष्यांच्या दाणेवाल्याकडे गेले. दाणेवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

"घरात माणसं किती?"

"दोघं."

"बोलता का?"

"कामापुरतं."

"मग तिथंच घोडं अडलंय की हो! हा थव्यातला पक्षी. आजूबाजूला कलकलाट असला की त्याला वाटतं, सगळं झकास चाललंय, आपणही संसार मांडावा. एकदम सामसूम झाली की त्याला वाटतं, ससाणा आला. तुमच्या घरात दोन महिने ससाणा बसलाय, साहेब."

काकांनी घरी येऊन रेडिओ लावला. पक्ष्यांनी बातम्या ऐकल्या आणि डोळे मिटले. गाणी लावली, तरी तेच. संध्याकाळी काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या सासूबाईंनी नवा कुकर परस्पर कुणाला तरी देऊन टाकला होता. काकू चकित होऊन जरा मोठ्याने म्हणाल्या, "काऽय सांगतेस!" आणि सवयीने काकांकडे बघून तोंडावर हात ठेवला.

पण काकांचं लक्ष पिंजऱ्याकडे होतं. मादी काडीवर येऊन बसली होती. तिने भोकात डोकं घातलं होतं.

"बोल," काका कुजबुजले.

"अं?"

"अगं बोल! थांबू नकोस. कुकरचं पुढे काय झालं विचार. मी पाणी आणतो तुला."

काकू चाळीस मिनिटं बोलल्या. तेवढ्या वेळात मादी तीनदा पेटीत जाऊन आली, आणि नराने भोकाशी जाऊन तिला दाणे भरवले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी पाच ते आठ बडबड. चौथ्या दिवशी बहिणीने फोन उचलणं बंद केलं. मग काकूंनी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना बोलावलं, वरच्या निवृत्त नर्सबाईंना बोलावलं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, त्याला काय तोटा! हॉलमध्ये असा गलका व्हायचा की काकांना स्वयंपाकघरात बसूनही कानांत बोटं घालावी लागायची. पण तोंडातून 'शू' काढायची सोय नव्हती.

सातव्या दिवशी शेजारचे विमा एजंट दारात उभे. या माणसाला काकांनी आजवर रेडिओच्या आवाजाबद्दल अकरा चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, सगळ्या तारीख घालून.

"काका, हे काय चाललंय? मला फोनवर गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही!"

"तुमचं अगदी बरोबर आहे," काका म्हणाले. "पण असं दारातून नको. आत या. आत येऊन ओरडा."

एजंट आत आले आणि खरोखरच ओरडले. अकराही चिठ्ठ्यांचा हिशेब त्यांनी आवाजात चुकता केला. नराने खुशीत मान वरखाली केली. दुसऱ्या दिवशी पेटीत पहिलं अंडं होतं.

दिवसाआड एक, अशी पाच अंडी झाली. काकांनी पेटीचं झाकण हळूच उघडून अंड्यामागे बॅटरी धरली. आत लाल शिरांचं जाळं दिसलं. जीव धरला होता. पहिल्या अंड्यापासून अठरा दिवसांनी पहिलं पिल्लू, आणि मेहुण्याची मुदत त्यानंतर दोन दिवसांनी, रविवारी. जेमतेम, पण जमत होतं.

"आता मात्र सांभाळा," दाणेवाला म्हणाला. "अंड्यांवर बसलेली असताना वातावरण बदललं तर मादी उठते. एकदा उठली आणि अंडी गार पडली की संपलं."

पहिल्या अंड्यानंतर बरोबर अकराव्या दिवशी, शुक्रवारी, काकूंचा घसा बसला. थोडाथोडका नाही. तोंड उघडलं की नुसती हवा.

डॉक्टरांनी घशात बघितलं. "दहा दिवस एक शब्दही बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. एवढं बोललात तरी काय?"

काकूंनी काकांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांचा काय समज झाला कुणास ठाऊक, पण त्यांनी काकांकडे फार कडक नजरेने बघितलं.

शिवणकामवाल्या बाईंकडे लग्नसराईचं काम आलं होतं. नर्सबाई मुलीकडे गेल्या होत्या. एजंटांना काकांनी स्वतः जाऊन विनंती केली, पण ते म्हणाले, "आता राग उरलाच नाही हो, ओरडू कशावर?" घरात सामसूम झाली. शनिवारी सकाळी मादी पेटीतून बाहेर आली आणि दांडीवर बसून इकडेतिकडे बघायला लागली. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

 काकांनी वर्तमानपत्र ओढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मादीने ढुंकून बघितलं नाही. त्यांनी दाणेवाल्याला फोन लावला.

"वाचताय कशाला? बोला! वाचलेलं त्यांना कळतं. मनापासून बोलावं लागतं."

काका पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मनापासून बोलायचं म्हणजे नेमकं काय, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "आज... हवा बरी आहे," ते म्हणाले. पुढे सुचेना. अंडी गार होत होती. घाबरून त्यांच्या तोंडून जे आलं ते आलं.

"ती निळी फुलदाणी मीच फोडली होती. मांजराने नाही."

मादीने मान वाकडी केली. सोफ्यावर बसलेल्या काकूंनीही केली. मग मादी काडीवर आली.

"तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकले. वरून तुला म्हटलं, मांजर येऊन गेलं. लाज वाटते गं अजून." मादी आत गेली. काकूंनी वहीवर काहीतरी लिहून पुढे धरलं. 'आपल्या खिडकीला जाळी आहे. मला तेव्हाच कळलं होतं.'

तेव्हापासून काका सकाळ-संध्याकाळ बोलत सुटले. साध्या गप्पा त्यांना येत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याकडे बोलायला फक्त चुकाच होत्या, आणि त्या मात्र भरपूर निघाल्या. रविवारी त्यांनी सांगितलं, की काकूंना हवी असलेली कादंबरी कधी 'बाहेर गेलेली' नव्हती. घरच्यांना आधी पुस्तक दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ते नाही म्हणायचे. 'चौदा वेळा,' काकूंनी लिहिलं. सोमवारी सांगितलं, की आजारी मामेसासऱ्यांना भेटायला म्हणून गेले ते वाटेत बाकावर बसून परत आले होते. काकूंनी लिहिलं, 'आणि तब्येत सुधारतेय म्हणालात ती?' काका म्हणाले, "अंदाजाने."

मंगळवारी त्यांनी घड्याळाचं सांगितलं. मेहुण्याने दिलेलं ते टोल देणारं घड्याळ खिळा निसटून पडलं नव्हतं. काकांनी स्टुलावर चढून, दोन्ही हातांनी काढून, मग सोडलं होतं. या वेळी काकूंनी वही उचलली नाही. नुसत्या बघत राहिल्या. बुधवारीही त्यांनी काही लिहिलं नाही. काकांना वाटलं, रागावली. पण थांबणार कसं?

गुरुवारी चुकाही संपत आल्या. काकांनी खुर्ची पेटीजवळ सरकवली.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "मला शांतता आवडते म्हणून मी शू म्हणायचो, असं नाही. वाचनालयात ठीक आहे, ती नोकरी. घरी... तू इतकं छान बोलायचीस. आलेगेले तुझ्याभोवती बसायचे. मला बोलायला काही सुचायचंच नाही. मग मी म्हणायचो, हळू. सगळंच बंद पडलं की माझं न बोलणं दिसत नव्हतं. तुझा आवाज मी बसवला, या बजींनी नाही. फार वाईट वाटतं मला."

हे ते पेटीला सांगत होते. काकूंकडे बघायची हिंमत नव्हती. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या.

शुक्रवारी सकाळी पेटीतून टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज आला. झाकण उघडलं तर भुशात गुलाबी, उघडंबोडकं, डोळे मिटलेलं, शेंगदाण्याएवढं काहीतरी मान टाकून पडलं होतं आणि मादी त्याला चोचीतून भरवत होती. काकांनी आनंदाने काकूंचा हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला नाही.

रविवारी मेहुणा रिकामा पिंजरा घेऊन आला. तोवर दुसरं पिल्लूही आलं होतं. त्याने झाकण उघडून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि रिकामा पिंजरा जमिनीवर ठेवला.

"मानलं भावोजी! जोडी तुमची. आता परत मागणार नाही." मग तो सोफ्यावर ऐसपैस बसला. "पण ते घड्याळ तुम्ही हातांनी सोडलंत म्हणे? अहो, तीन दुकानं पालथी घालून आणलं होतं मी!"

काका लाजेने खाली बघू लागले. मग त्यांनी हळूच मान वर केली.

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईने. बुधवारी फोन केला होता ना तिने. अर्धा तास बोलत होती, मला तर मधे तोंड उघडू दिलं नाही."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू ओढणीने पिंजऱ्याची काच पुसल्यासारखं करत होत्या. पिंजऱ्याला काच नव्हती.

"बुधवारी?"

"मंगळवारीच आला होता आवाज," काकू म्हणाल्या. आवाज अगदी खणखणीत होता. "तुम्ही राळे आणायला गेला होतात, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस? मी इथे... गुरुवारी मी... अगं, अंडी होती ती! तू बोलली असतीस तर मी सुटलो असतो!"

"म्हणूनच नाही बोलले. मी बोलले असते, तर तुम्ही गप्प बसला असतात."

यावर काय म्हणायचं ते काकांना सुचेना. पण या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

काकूंनी काकांची खुर्ची पिंजऱ्यासमोरून उचलली आणि सोफ्यासमोर ठेवली. "बसा. आता माझी पाळी. माझ्याही आहेत चार गोष्टी, आणि त्या मी काही पक्ष्यांना सांगणार नाहीये."

मेहुणा पिंजरा उचलून उठला. "तुमचं नवरा-बायकोचं चालू द्या, ताई. मी निघतो."

"तू बस. पहिली तुझ्याबद्दलचीच आहे."

काकांनी उठून दाराची कडी लावली आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.