शिरसाट काकांचा हिरवा हात

अकोल्यात आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला मी आधीच सांगून ठेवते, की दिवेलागणीला शेजारच्या ओट्यावर एक माणूस दिसेल. थोडा हिरवा असेल. घाबरू नका, जिवंत आहे.

ते शिरसाट काका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. ओट्यावरचा दिवा बंद करून उघड्या अंगाने खुर्चीत बसतात. डाव्या हाताला कुठल्यातरी पाल्याचा लेप, उजवा कोरा. मोर्णा नदीकाठचे डास काय सांगावेत! उजवा हात काळा होतो, पण काका हलत नाहीत, खाजवत नाहीत, पापणी लववत नाहीत. नव्या दूधवाल्याने दोन-तीनदा हाक मारली आणि किटली तिथेच टाकून जो पळाला, तो आमच्या स्वयंपाकघरात येऊनच थांबला. "बाई, तिथं मेलेला मानूस बसून हाय!"

"जराक हाललो का सारं बिघडते," काकांचं म्हणणं. "कोन्त्या हातावर जास्त बसले, तेच तं पाहून राहिलो मी."

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, आमच्या लीलाकाकूंसाठी. पॅरालिसिस झाल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. हात उचलवत नाही, बोलता येत नाही. नाकावर डास बसला तर त्याच्याकडे बघत राहायचं, बस. कॉइलच्या धुराने त्यांना धाप लागते आणि मच्छरदाणीत जीव घाबरा होतो.

"झाडाले कुटी हात असतात, बाप्पा? कीडा आला तं ते पळन का हाकलन? म्हनून पानातच जहर ठेवते." हे काकांचं ब्रह्मवाक्य. लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात. मोर्शीच्या बहिणीकडून संत्र्याच्या सालींचं पोतं येतं. निर्गुडी, कडुलिंब, गवती चहा, सगळं आमच्याच मिक्सरमधून फिरतं, त्यामुळे आमची चटणी बारा महिने कडू. सीताफळाच्या बिया तेवढ्या त्यांनी बाद केल्या. "तिच्या डोयात गेलं तं चोळन कोन?"

शेवटी संत्र्याच्या साली तिळाच्या तेलात मुरवल्या आणि जमलं. काकूंच्या अंगावर डास बसेनासा झाला. मी म्हटलं, चला, आता काका शर्ट घालतील. पण ओट्यावरची बैठक काही सुटली नाही.

गेल्या आठवड्यात ओटा रिकामा दिसला, म्हणून आत डोकावले. खोलीत अंधारून आलं होतं. संत्र्याचा वास कोंदला होता. काकू तेलाने चकाकत होत्या. फक्त डावा पंजा कोरडा, उशीवर पसरून ठेवलेला. काका श्वास रोखून त्यावर वाकले होते. मला त्यांनी खुणेनेच गप्प केलं.

गुणगुण ऐकू आली. एक डास फिरत फिरत आला आणि त्या कोरड्या पंजाच्या एका बोटावर बसला. काका बोटाकडे बघत होते, काकू काकांकडे.

काकांनी हलकेच फुंकर मारून डास उडवला.

"मांगं एकदा असाच बसला, अन् हे बोट हाललं हिचं," ते कुजबुजले. "डॉक्टर म्हनते भास असन. पन मी पायलं. म्हनून एवढा हात मोकळा ठेवतो. बसला तं पुन्हा हालन."

"मग उडवलात कशाला, काका?" मला रडू आवरेना.

"रोजच उडवतो." त्यांनी तो पंजा आपल्या हातात झाकून घेतला. "चावते ना वं तिले."