सदारामभाऊ आणि झोपणारं पाणी

ज्येष्ठातला दुसरा शनिवार, सकाळ. जागा: ग्रामपंचायतीची मागची खोली. हजर: अध्यक्ष कौसल्याबाई, मी (सचिव), गटाच्या बाकीच्या बाया, निमंत्रित म्हणून सदारामभाऊ, आणि पाण्याचा एक स्टीलचा जग.

जगाचं नाव हजेरीत घ्यायची पद्धत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी बैठकीत सगळ्यांत जास्त आवाज त्यानेच केला. सदारामभाऊंनी त्याचं झाकण काढलं, चार बोटं आत घातली आणि मी विषय वाचून संपवेपर्यंत ते पाणी थापटत राहिले. थप, थप, थप.

"भाऊ, ते प्याचं पाणी हाये," कौसल्याबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तं," भाऊ म्हणाले. "पाणी झोपलं का जीव गेला."

या माणसाला स्थिर पाणी बघवत नाही. बादली, टाकं, गुरांची डोण, काहीही चालतं. शेजारी सत्यनारायण होता तेव्हा तीर्थाच्या भांड्याजवळ यांना बसवू नका, असं मी आधीच बजावलं होतं. कोणी ऐकलं नाही. प्रसादाच्या वेळेला भटजींच्या धोतरावर तीर्थ पोचलं होतं आणि भाऊ त्यांनाच समजावत होते की, आता हे पाणी ताजं झालं. एकदा कारध्याला लग्नाला जाताना त्यांनी पुलावर गाडी थांबवायला लावली. खाली वैनगंगा वाहत होती. बराच वेळ बघून म्हणाले, "हे चांगलं हाये. हिले थापटा लागत नाही."

ही खोड त्यांना धंद्यातून लागली. भाऊंचं सगळं आयुष्य मासोळीचं बीज वाहून नेण्यात गेलं. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं, रोहू नि कतल्याची. मत्स्यबीज केंद्रावरून ती घ्यायची, गाडीत ताडपत्रीचा हौद करून त्यात सोडायची आणि गावच्या तलावात आणून टाकायची. वाटेत पाणी स्थिर राहिलं तर पिल्लांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात. म्हणून एक माणूस मागे हौदाजवळ बसतो आणि पूर्ण रस्ताभर हाताने पाणी थापटतो. भाऊ गाडी चालवायचे. मागे त्यांची बायको पार्बताबाई बसायची. नाकाडोंगरीच्या जंगलातल्या वळणांवर पुढून स्टिअरिंग फिरायचं आणि मागून थप, थप ऐकू यायचं. मागचा आवाज थांबला की भाऊ ब्रेक मारायचे.

गेल्या पोळ्याच्या सुमाराला पार्बताबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्या घराबाहेर दिसत नव्हत्या आणि भाऊंची खोड मात्र वाढली, हात दिसेल त्या पाण्यात जाऊ लागला.

आता आमचा विषय. आमच्या बायांच्या गटाने यंदा गावचा तलाव मासोळीसाठी घेतला आहे. बीज आणायला आणि पुढे मासोळी तुमसरच्या बाजारात न्यायला स्वतःची गाडी घ्यायची, असं ठरलं. चालवणार सदारामभाऊ. गाड्या दोन पाहिल्या होत्या. एक छोटी, बुटकी, हलक्या वजनाची. दुसरी मोठी पिकअप, जाड स्प्रिंगपाट्यांची, दणकट. छोटीत लहान हौद बसतो, म्हणजे दोन खेपा. मोठीत मोठी टाकी बसते, वर पाण्यात हवा सोडायचं मशीन, एका खेपेत काम. केंद्रावाल्यांना टाकी किती मोठी ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नाही कळवलं तर आपला नंबर जातो. नंबर गेला की तलाव वर्षभर नुसताच भरलेला, त्यात मासोळी नाही, आणि आम्ही सगळ्या काठावर.

इतकं सोपं असताना भाऊ ठरवू देत नव्हते. माझ्या यादीत 'गाडी' हा शब्द तीन बैठका तसाच पुढे ढकलला गेला होता. माझ्या यादीत असं होत नाही. मला रात्री झोप लागेना.

"मोठी घ्या म्हटलं तं तुमी छोटी म्हणता, छोटी म्हटलं तं मोठी," कौसल्याबाई कावल्या. "तुमाले नेमकं पायजे काय?"

"दोन्ही गाड्या चांगल्या हायेत," भाऊ म्हणाले आणि जगात हात घातला.

"मंग एक बोला ना."

"बोलतो ना. थोडे दिवस जाऊ द्या."

"थोडे दिवस? तलाव भरून जाईन, मासोळ्या का पायी येतीन?"

शेवटी ठरलं की मी त्यांना घेऊन त्याच दुपारी भंडाऱ्याच्या शोरूमला जायचं आणि एक नाव घेऊनच परत यायचं. मी पिशवीत कोटेशनची फाईल, पेन, पाण्याची बाटली आणि दोन केळी घेतली. भाऊंनी घरून परात घेतली. मी विचारलं नाही. काही गोष्टी वाटेत आपोआप कळतात.

शोरूममध्ये भाऊंनी ती परात नळाखाली भरली, छोट्या गाडीच्या मागे ठेवली आणि स्वतः तिच्याजवळ मांडी घालून बसले. "चालवा," ते सेल्समनला म्हणाले. सेल्समन टायवाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गाडी रस्त्यावरून एक फेरी मारून आली. मग परात मोठीत ठेवली, पुन्हा फेरी. परत आले तेव्हा भाऊंचा सदरा छातीपर्यंत ओला होता.

"छोटीत पाणी हासते," त्यांनी निकाल दिला. "मोठीत आदळते."

"काका, मोठी रिकामी आहे म्हणून," सेल्समन म्हणाला. "लोड टाकला की मऊ होते."

"माणूसबी लोड टाकल्यावरच मऊ होते," भाऊ म्हणाले. "म्हणून का त्याले लादत राहाचं?"

मी फाईलमध्ये 'छोटी' असं लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात भाऊंनी खिशातून सुतळी काढली. छोट्या गाडीच्या डाव्या दाराशी गेले. जिथे पाय ठेवून आत चढतात, त्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत सुतळी सोडली आणि गाठ मारली. मग मोठीच्या डाव्या दाराशी जाऊन तेच. दुसरी गाठ बरीच वर आली. भाऊ त्या दोन गाठींमधल्या सुतळीकडे बघत उभे राहिले. ओल्या सदऱ्यातला त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"काका, उंचीचे आकडे या कागदात छापले आहेत," सेल्समन म्हणाला.

"कागदातला पाय कोणाचा हाये?"

सेल्समनने कागदाची घडी घातली. मी यादीत लिहिलं: सुतळी, कशाला? विचारणे.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असंच." वरठीच्या पुढे त्यांनी माझी पाण्याची बाटली मागितली. प्यायले नाहीत. उलटीसुलटी करत बसले.

रविवारी दिवसभर फोन केले, उचलले नाहीत. सोमवार डोक्यावर. संध्याकाळी गुरं परत येण्याच्या वेळेला मी सरळ त्यांच्या घरी गेले. मनात पक्कं केलं होतं की, आज मी या माणसाला चार शब्द सुनावणार.

ओसरीवर पार्बताबाई खाटेच्या काठावर बसल्या होत्या. समोर घमेल्यात पाणी. भाऊ खाली बसले होते. आपल्या उजव्या हातात त्यांनी पार्बताबाईंचा उजवा हात धरला होता आणि तो पाण्यावर थापटत होते. थप, थप. डॉक्टरांनी पाण्यात हात हलवायला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. पार्बताबाईंच्या पायाशी विटा एकावर एक रचलेल्या होत्या, तीन. खांबाच्या खिळ्याला ती सुतळी जमिनीपर्यंत लोंबत होती. खालची गाठ तिसऱ्या विटेच्या बरोबरीला आली होती. वरची अजून दोन विटा वर होती.

मला चार शब्द आठवेनात.

"बसा सचिवबाई," पार्बताबाई म्हणाल्या. बोलणं जरा जड झालं होतं, पण जीभ तीच होती. "हा माणूस तुमाले सांगणार नाही. पाण्यातच घोळून राहिला."

"काय सांगाचं हाये त्यात?" भाऊ म्हणाले.

"हेच का मी येणार हाये गाडीत. मांगं नाही, समोर." त्यांनी डाव्या हाताने सुतळीकडे बोट दाखवलं. "छोटीत चढते मी. तीन विटा पाय उचलते. मोठीत अजून चढत नाही. म्हणून याचं थोडे दिवस, थोडे दिवस चालू हाये."

"हिले घरी एकटी टाकून कसा जाऊ?" भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "अन् ते मशीन. ते बंद पडलं तं मले समजत नाही, बाई. स्टिअरिंगवर माहे कान बंद होतात. हिले समजते. पाण्याचा आवाज थांबला का हिले पहिले समजते."

मी कामाची बाई आहे, उपाय शोधते. म्हटलं, "दाराखाली एक पायरी वेल्डिंग करून घेऊ. तुमसरमध्ये अर्ध्या दिवसाचं काम आहे. नाहीतर स्टूल ठेवू."

"स्टूल?" पार्बताबाई म्हणाल्या. "इतके साल चाकावर पाय देऊन मांगं चढली मी, बीज राखलं. आता पाटावर पाय ठेवून नवरीसारखी बसू? गाव हासन."

"हासू दे गावाले," भाऊ म्हणाले.

"तुमी चूप बसा. तुमाले सत्यनारायणाले हासलं तेवढं पुरे हाये."

मी फाईल मांडीवर घेतली. त्या क्षणी मला छोटी गाडी लिहायची होती, खरं सांगते. दोन खेपा झाल्या तर झाल्या. कौसल्याबाईंशी मी भांडले असते. दुसऱ्या खेपेचं बीज उन्हात किती मरेल, हेही मनात येऊन गेलं. मी पेन उघडलं.

"मोठी लिहा," पार्बताबाई म्हणाल्या.

भाऊंनी मान वर केली. "पार्बते, दोन विटा राहिल्या."

"मले मोजता येते. तलाव सगळ्या बायांचा हाये, माह्या एका पायासाठी अर्धा ठेवता का? लिहा, सचिवबाई. बीज यायले अजून येळ हाये. तोवर मी पाहीन."

घमेल्यातून भाऊंचा हात बाहेर आला आणि गुडघ्यावर पडून राहिला. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण त्यांच्यासमोर पाणी असं निवांत पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यात ओसरीचं छत दिसत होतं. बायकोचा हात अजून पाण्यातच होता, त्यांनी सोडला तसाच.

मग पाण्यावर अगदी बारीक लहर उठली. पार्बताबाईंची दोन बोटं हलली होती. पुन्हा हलली. आवाज येण्याइतकं ते थापटणं नव्हतंच.

"झोपून राहिलं ना पाणी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ध्यान कुठी हाये तुमचं?"

भाऊंनी घाईघाईने हात घातला.

सोमवारी सकाळी मी केंद्राला मोठी टाकी कळवली. नंबर लागला. कौसल्याबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पायरीचं वेल्डरले सांगून ठेव. लावू नको. नुसतं सांगून ठेव." तेही केलं. गाडी पुढच्या आठवड्यात येईल, टाकी आली, मशीन आलं. काल सदारामभाऊंच्या घरावरून गेले तेव्हा ओसरीवर चार विटा रचलेल्या होत्या आणि पार्बताबाई खांब धरून उभ्या होत्या.

यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली आहे. पाचवी वीट भिंतीला टेकून ठेवली आहे. ती तेवढी लावायची राहिली आहे.